खेळातील दळण

खेळ कोणता आणि काम कोणते हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आम्हांस लहानपणीच पाठ झाली होती: ज्याचे पैसे मिळतात ते काम, आणि ज्यापायी वडिलांची बोलणी खावी लागतात तो खेळ. ही कसोटी पुष्कळ वर्षे नीट चालली. पुढे क्रिकेटचे खेळाडू लिलावात कोट्यवधींना घेतले जाऊ लागले तेव्हा तिचा अर्धा भाग ढासळला. उरलेला अर्धा, आमच्या दिवाणखान्यातील पडद्यावर मोटारींच्या शर्यतींचा खेळ सुरू झाला त्या दिवशी ढासळला. कारण या खेळात पैसे मिळतात, पण ते कोणत्याही बाजारात चालत नाहीत. आणि ते मिळवण्यासाठी शहाणीसुरती माणसे अशी राबतात, की पाहून एखाद्या कारखान्याच्या मुकादमास धन्य वाटावे.

खेळाचे नाव ‘ग्रान टुरिस्मो’. काझुनोरी यामाउची यांच्या नेतृत्वाखाली तो जपानात तयार झाला व १९९७ च्या डिसेंबरात तेथे प्रथम विक्रीस आला. त्याचा सातवा अवतार पॉलिफोनी डिजिटल या संस्थेने मार्च २०२२ मध्ये बाहेर काढला. आमच्या पुतण्याने नवे प्लेस्टेशन घेतले तेव्हा आपले जुने यंत्र या खेळासह आमच्याकडे आणून ठेवले, आणि तेव्हापासून रात्रीच्या जेवणानंतरचा एक तास आम्ही त्यास वाहिला आहे. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकास हे शोभत नाही असे आमच्या काही सहकाऱ्यांस वाटते. तोच तास ते वृत्तवाहिन्यांवरील वादविवाद ऐकण्यात घालवतात; त्यात शोभा कोणती हे आम्हांस अजून उमगलेले नाही.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे. सातव्या खेळात आरंभी टोयोटाची अ‍ॅक्वा, होंडाची फिट व माझ्दाची डेमिओ या तीन लहान मोटारींपैकी एक आपल्या पदरी पडते. ती घेऊन शर्यत लावावी, जिंकल्यास ‘क्रेडिट’ नावाचे चलन मिळवावे, त्यातून टायर, एंजिनाचे सुटे भाग, आणि पुढे दुसरी मोटार घ्यावी, व त्या मोटारीने अधिक बक्षिसाची शर्यत जिंकावी, असा हा क्रम आहे. चलनाच्या आम्ही विरुद्ध नाही, हे आधीच सांगून टाकतो. अगदी पहिल्या खेळाचे दोन भाग होते. ‘आर्केड’ भागात पैशाचा संबंधच नव्हता. हवी ती मोटार घ्यावी व पळवावी. दुसऱ्या भागात हाती दहा हजार क्रेडिट घेऊन जुन्या मोटारींच्या दुकानापासून संसार मांडावा लागे. आमच्या मते खेळाचा जीव या दुसऱ्या भागात होता. पहिल्या बक्षिसातून जुन्या मोटारीस नवा सायलेन्सर बसवला की तिचा आवाज कानांस जो गोड लागतो, तो फुकट मिळालेल्या शंभर मोटारींच्या आवाजात नसतो. पैसा येथे इच्छेस क्रम लावून देतो. आज हे, मग ते. आणि ‘मग’ या शब्दातच अर्धी गंमत आहे.

व्याधी सुरू होते ती पुढे, मनुष्य हिशेब करू लागला म्हणजे. खेळात शेकडो शर्यती आहेत, पण सर्वांची बक्षिसे सारखी नाहीत, आणि कोणत्या शर्यतीत मिनिटास किती पडतात हे काढणारे गणिती जगभर पसरलेले आहेत. फ्रान्समधील ल माँ येथील मार्गावर अर्ध्या तासाची एक शर्यत आहे. ती जिंकली, आणि शर्यतभर कोणासही न धडकता व कठड्यास न घासता जिंकली, तर मूळ साडेपाच लाखांवर स्वच्छतेचे निम्मे बक्षीस मिळून ८ लाख २५ हजार होतात. म्हणजे मिनिटास २७,५००. टोकियोच्या उड्डाणरस्त्यांवरील बारा फेऱ्यांची शर्यतही तितकेच देते. हा शोध एकदा लागला, की उरलेल्या शर्यती नकाशावर असून नसल्यासारख्या होतात. काल ल माँ, आज ल माँ, उद्या टोकियो, परवा पुन्हा ल माँ. शिवाय दिवसात मॅरॅथॉनइतके, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर अंतर तोडले तर एक सोडतीचे तिकीट मिळते. ते पाच बक्षिसे डोळ्यांपुढे फिरवून बहुधा त्यांतील सर्वांत क्षुल्लक तेच हाती ठेवते. तरीही त्या तिकिटापायी आणखी तीन-चार किलोमीटर पळवणारा मनुष्य आम्ही रोज पाहतो. त्याचा चष्मा आमच्या चष्म्यासारखाच आहे.

एवढा पैसा हवा कशास, हा प्रश्न रास्त आहे. या खेळात दुर्मीळ जुन्या मोटारींची एक पेढी आहे. तेथील किमती हॅगर्टी या अमेरिकी कंपनीच्या मूल्यांकनाशी, म्हणजे खऱ्या बाजारभावाशी जोडलेल्या आहेत. त्या पेढीत आम्ही १९९४ ची मॅक्लारेन एफ-१ पाहिली. गॉर्डन मरे यांनी रचलेली ही मोटार एकंदर १०६ च बांधली गेली. तिच्या एंजिनाच्या कप्प्यास उष्णतेपासून बचाव म्हणून सोन्याचा वर्ख लावलेला असतो. आणि चालकाची जागा डावीकडेही नाही व उजवीकडेही नाही, तर नेमकी मधोमध. तिच्याच शर्यतीसाठी बदललेल्या रूपाने १९९५ साली ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. २०२१ साली अमेरिकेतील एका लिलावात अशी एक मोटार दोन कोटी डॉलरांहून अधिक किमतीस गेली. आमच्या पेढीतील भाव होता १ कोटी ८५ लाख क्रेडिट. ८ लाख २५ हजारांनी भागावे तर तेवीस शर्यती, म्हणजे साडेअकरा तास. रोज एक तास धरला तर बारा रात्री. प्राध्यापकाच्या पगारात काय काय बसत नाही याचा हिशेब आम्ही तीस वर्षे करीत आलो आहोत. जे बसते असा हिशेब हाती आल्यावर मन किती हर्षित होते, ते सांगावयास नको.

पण त्या रात्रींचे स्वरूप पाहावे. खऱ्या ल माँची एक फेरी १३.६२६ किलोमीटरांची. मधल्या लांबलचक सरळ रस्त्यावर इंधन वाचवण्यासाठी पाय हलका ठेवायचा, कोपऱ्यातील नकाशावर पावसाचे ढग कुठवर आले ते पाहायचे, थांबायचे तर कोणत्या फेरीस हे ठरवायचे. पहिल्या पाच वेळा हे सर्व अत्यंत रसाळ आहे. दहाव्या वेळी हात आपोआप चालतात. पंधराव्या वेळी मनुष्य गाडी चालवता चालवता उद्याच्या तासिकेची टिपणे मनात जुळवू लागतो. आमच्या सौभाग्यवतींनी या अवस्थेची परीक्षा पडद्याकडे न पाहता केली. एके रात्री स्वयंपाकघरातून त्यांनी विचारले, “आज खेळ आहे की ड्यूटी?” ओळखले कसे, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, “खेळत असता तेव्हा तुम्ही त्या दुसऱ्या गाडीवाल्यांशी भांडता. आज तासभर घरात आवाज नाही.”

मराठीत या प्रकारास नेमका शब्द आहे: दळण. योगायोग असा, की इंग्रजी बोलणारे खेळाडू यास जो शब्द लावतात त्याचाही अर्थ दळणे असाच होतो. आणि दळणाची तक्रार एकट्या आमच्यासारख्यांची नाही. मार्च २०२२ मध्ये, खेळ विक्रीस येऊन पंधरवडा होतो न होतो तोच, एका दुरुस्तीने कित्येक शर्यतींची बक्षिसे कमी करण्यात आली. त्यांत ‘फिशरमन्स रँच’ येथील मातीच्या रस्त्यावरील शर्यतही होती. त्या दिवसांत अर्धे जग तेथेच दळत होते. त्याच सुमारास दुरुस्तीतील बिघाडामुळे खेळ तीस तासांहून अधिक काळ बंद पडला. लोक खवळले. खवळण्यास आणखी एक कारण होते: खेळातले चलन खऱ्या पैशांनीही विकत मिळत असे, आणि अमेरिकेत वीस लाख क्रेडिटांस जवळजवळ वीस डॉलर पडत. त्या भावाने आमची मॅक्लारेन सुमारे दोनशे डॉलरांना पडती, आणि आख्खा खेळ होता साठ-सत्तर डॉलरांचा! यामाउचींनी त्या वेळी जो खुलासा केला त्याचा आशय असा होता, की खेळाडूंनी नाना मोटारी नाना प्रकारे चालवून आनंद घ्यावा, त्याच त्या शर्यती यंत्रवत पुनःपुन्हा खेळण्याची पाळी त्यांवर येऊ नये, अशी आपली इच्छा आहे. इच्छा उत्तमच होती. पण दळण कमी व्हावे म्हणून पिठाचा भाव पाडला, तर दळणारा दुप्पट दळतो, हे अर्थशास्त्र मुंबईच्या गिरणगावात कोणीही सांगितले असते. पुढे त्यांनी क्षमा मागितली, दहा लाख क्रेडिट वाटले, आणि एप्रिलात बक्षिसे वाढवली. थैलीत मावणाऱ्या रकमेची मर्यादाही दोन कोटींवरून दहा कोटींवर नेली. आम्ही वर दिलेले आकडे या वाढीनंतरचे आहेत.

दळण म्हटले की जात्यावरची ओवी आठवल्यावाचून राहत नाही. गी पॉइतवाँ व हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून गोळा करविलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर आहे. लाखभर ओव्या, आणि त्या एकाच कामाभोवती! पहाटेच्या अंधारात तेच जाते, तोच खुंटा, तीच फेरी. पण फेरीफेरीस भाऊ निराळा, माहेर निराळे, विठोबा निराळा. ही तुलना फार ताणू नये हे आम्ही जाणतो. त्या बाईस दळण टाळता येत नव्हते. आम्हांस एक कळ दाबली की मोकळे होता येते. त्या ओव्यांत सुखापेक्षा गाऱ्हाणीच अधिक आहेत, हेही खरे. तरी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी वाटते: ओवी दळण संपल्यावर म्हणावयाची नसते. पीठ सुपात आल्यावर जाते थांबते आणि ओवीही थांबते.

हा विचार आम्ही मोठ्या ऐटीत आमच्या पुतण्यास ऐकवला. तो पुण्यात एका संगणक कंपनीत नोकरीस आहे आणि त्याचा आवडता खेळ दुसरा, ‘फोर्झा होरायझन ५’. तो नोव्हेंबर २०२१ मध्ये निघाला, व त्यात मेक्सिको देशाच्या रस्त्यांवर हिंडावयाचे असते. नवशिक्यांच्या व अपंगांच्या सोयीसाठी त्या खेळात मोटार आपली आपण वळेल व ब्रेक लावील अशी व्यवस्था आहे. तिचा उपयोग चतुर लोकांनी निराळाच केला. वेगाची कळ रबर बँडने बांधून ठेवावी, एखादी लांब शर्यत लावून द्यावी, आणि आपण झोपी जावे. पुतण्याही असेच करी.

“काका, तुम्ही अजून हाताने चालवता?” त्याने विचारले.

“अरे, मग कशाने चालवायची?”

“रबर लावायचं आणि झोपायचं. सकाळी उठून पैसे मोजायचे.”

तेव्हा आम्ही त्यास ओवीची गोष्ट सांगितली. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, “काका, गावात पिठाची गिरणी आली तेव्हा आजी रडली होती का?”

यावर आम्ही काही वेळ गप्प बसलो. आजी, म्हणजे आमच्या मातोश्री, गिरणी आली त्या दिवसाविषयी बोलत तेव्हा त्यांच्या मुद्रेवर जो आनंद दिसे तो आम्ही स्वतः पाहिलेला आहे. जाते त्यांनी पुढे परसात टाकले व त्यावर तुळशीची कुंडी ठेवली. पुतण्या पुढे म्हणाला, “दिवसभर ऑफिस. रात्री अकराला घरी. मला अर्धा तास मिळतो, काका. त्या अर्ध्या तासात मी पैसे मिळवत बसू?” त्याच्या स्वरात वाद घालण्याची हौस नव्हती; थकवा होता. आमच्या पिढीने आनंद निवृत्तीनंतरच्या फडताळात ठेवून दिला. याची पिढी तेवढी भोळी नाही, पण तिने आनंदाभोवतालचे सगळे काम यंत्रावर सोपवले आणि तरीही तिला अर्धाच तास उरला, हे पाहून आम्हांस वाईट वाटले.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस दोन दिवसांनी सुचले. उत्तरे आम्हांस वर्गातही तास संपल्यावरच सुचतात. गिरणीने आजीचे दळण घेतले व भाकरी तिच्याकडे राहू दिली. येथे भाकरी कोणती? पैशांनी मोटार घ्यावयाची, आणि मोटारीने करावयाचे काय, तर शर्यत. म्हणजे जे टाळण्यासाठी रबर बांधले तेच विकत घेण्यासाठी बांधले! ग्रान टुरिस्मोच्या कर्त्यांनी २००४ सालच्या चौथ्या खेळात या गोष्टीस राजमान्यताही देऊन पाहिली होती. त्यात चालक दुसरा असे, व खेळाडूने मालकाच्या नात्याने त्यास जोरात घे, सबुरीने घे, अशा आज्ञा करीत बसावे. घड्याळ तिप्पट वेगाने पळवण्याचीही सोय होती. चोवीस तासांच्या शर्यतीस हा उपाय माणुसकीचा होता हे कबूल केलेच पाहिजे. उपाय म्हणून तो बरा. नित्यक्रम म्हणून पाहता, स्वतः जेवावयाचे सोडून वाढप्यास हुकूम देत बसण्यासारखा.

पुतण्याच्या म्हणण्यातला जो भाग आम्हांस पटला तो निराळा आहे. शर्यत कंटाळवाणी असेल तर तीत ओवी घालण्याची सक्ती कोणावर नाही, ती सोडावी. सर्वांत अधिक देणारी शर्यत नव्हे, तर हरलो तरी ज्या अर्ध्या तासाचे दुःख होणार नाही अशांपैकी अधिक देणारी शर्यत निवडावी. बेल्जममधील स्पा येथे एका तासाची शर्यत आहे. स्वच्छ जिंकली तर पंधरा लाख. गणिती म्हणेल, त्या तासात ल माँच्या दोन शर्यतींचे साडेसोळा लाख झाले असते. खरे आहे. दीड लाखाची ही तूट आम्ही डोळे उघडे ठेवून सोसतो. कारण स्पाचा रस्ता आर्देनच्या जंगलात खाली उतरून ओ रूजच्या वळणाशी एकदम आभाळात चढतो, आणि प्रत्येक वेळी पोटात तोच खड्डा पडतो, मग आपण तेथून दहा वेळा गेलेले असू की शंभर वेळा. तासभर चालणाऱ्या काही मोहिमांस या खेळात बाल्झाकच्या कादंबरीमालेचे, ‘ह्यूमन कॉमेडी’ हे नाव दिले आहे आणि त्यांचे बक्षीस बारा लाखांपर्यंत जाते. बाल्झाक जन्मभर कर्ज फेडण्यासाठी लिहीत राहिला; हे नाव ठेवणाऱ्यास ही गोष्ट ठाऊक असावी असा आमचा दाट संशय आहे.

स्वच्छतेच्या बक्षिसाविषयीही आमचे मत चांगले आहे. फोर्झात साहाय्य जितके कमी घ्यावे तितके बक्षीस वाढते, म्हणजे तेथे मान धाडसास आहे. येथे मान सभ्यतेस आहे. पुढच्यास ढकलून जाता येत असताना त्याच्या मागे एक वळण थांबणे, आणि तो चुकेल तेथे बाजूने निघणे, यात निम्मे बक्षीस दडलेले असते; आणि गंमत अशी की हे थांबणेच शर्यतीतील सर्वांत रोमहर्षक काम आहे. येथे मिळकत व मौज एकमेकींच्या आड येत नाहीत, एकीमुळे दुसरी वाढते. हा संबंध ज्याने जुळवला त्याच्याविषयी, इतर सर्व आक्षेप कायम ठेवून, आम्हांस आदर वाटतो. उरलेल्या रात्री आम्ही १९८९ सालची लहानशी युनोस रोडस्टर घेऊन जपानातील त्सुकुबाच्या दोन किलोमीटरांच्या मार्गावर फेऱ्या घालतो. तेथे मिळकत जवळजवळ नाहीच. सौभाग्यवती सांगतात, की त्या रात्री सर्वांत अधिक आवाज असतो.

मॅक्लारेनचे काय झाले हे सांगावयाचे राहिले. त्या पेढीत माल कायम राहत नाही. काही दिवसांनी मोटारीवर ‘मोजक्याच शिल्लक’ अशी पाटी लागते, मग ‘संपली’ अशी. पहिली पाटी लागली तेव्हा आमच्या थैलीत ६२ लाख होते. १ कोटी २३ लाख कमी. म्हणजे पंधरा शर्यती, साडेसात तास, फार तर तीन-चार रात्रींत. टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, पण खरे सांगावयाचे तर अडचण त्याची नव्हती. गठ्ठा यापूर्वीही थांबलेला आहे. त्या चार रात्री ‘ड्यूटी’ लावून घ्यावी असे मनास वाटेना. आम्ही स्पाला गेलो, त्सुकुबाला गेलो. चौथ्या दिवशी ‘संपली’ अशी पाटी लागली. रुखरुख लागली, नाही असे नाही. किती दिवस? दोन-तीन.

मोटार पुन्हा पेढीत आली ती कित्येक महिन्यांनी, दिवाळीच्या सुट्टीत. तोवर थैलीत दोन कोटींच्या वर जमले होते. कोणत्या रात्री किती, याचा हिशेब आम्ही ठेवला नव्हता. पुतण्या फराळास आला होता. ऑफिसचा फोन त्याने पालथा घालून ठेवला व कंट्रोलर हातात घेतला. आम्ही मोटार विकत घेतली आणि त्यासच प्रथम चालवावयास दिली. ल माँचा लांब सरळ रस्ता, खिडकीबाहेर संध्याकाळ, आणि पडद्यावर मधोमध बसलेल्या चालकाचे दोन हात. त्याने पहिली फेरी एक शब्द न बोलता केली. दुसऱ्या फेरीस तो पुढच्या गाडीवाल्याशी भांडू लागला. सौभाग्यवती चकलीचे ताट घेऊन आल्या व काही वेळ उभ्याने पाहत राहिल्या.

“ही गाडी तीन माणसांची आहे ना?” त्यांनी विचारले.

“हो, काकू. मध्ये ड्रायव्हर, मागे दोन्ही बाजूंस एकेक.”

“मग त्या दोन जागांवर कुणीच का बसत नाही?”

पुतण्या हसला, आणि सोफ्यावर थोडा सरकला. आम्ही एका बाजूस बसलो, त्या दुसऱ्या बाजूस. ताट मध्ये ठेवण्यास जागा नव्हती, म्हणून ते आमच्या मांडीवर आले.